भाकरी गरम पोचेल अशी जागा

राजनने पहिल्या लॉकडाउनमध्ये जुनी कॅम्परव्हॅन विकत घेतली, तेव्हा नीलिमाने तिला सरळ पत्र्याचा डबा म्हटलं होतं. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात त्यांच्या घरासमोर ती व्हॅन उभी असायची आणि शेजारचे डच लोक येताजाता तिचं कौतुक करायचे, त्याचा नीलिमाला आणखीच राग यायचा. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या चाचण्या घेणारी इंजिनियर बाई ती. ज्याचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, अशा वस्तूवर तिचा जीव जडणं कठीणच होतं. पण एकवीस सालच्या मे महिन्यात तीच नवऱ्याला म्हणाली, "किल्ली दे. मी थोडे दिवस व्हॅनमध्ये राहायला जातेय."

कारण होतं मृण्मयी. नीलिमाची धाकटी बहीण, अ‍ॅमस्टरडॅमला चिकटून असलेल्या डीमनमध्ये राहणारी आणि नुकतीच बाळंत झालेली. बाळंतपणाला सांगलीहून आई येणार हे ठरलेलं होतं. व्हिसा झाला होता, डिंकाचे लाडू वळून झाले होते, आणि एप्रिलच्या शेवटी भारतातून येणारी विमानंच बंद झाली. बाळाने तर कुणाचीच वाट पाहिली नाही, ते तारखेच्या आधीच आलं. अगदी नाजूक होतं. डॉक्टरांनी बजावलं की काही आठवडे आईबाप आणि घरी येणारी नर्स सोडून कुणीही उंबरा ओलांडायचा नाही.

मृण्मयी व्हिडिओ कॉलवर हसायची आणि "मी मस्त आहे गं ताई" म्हणायची. तिचा नवरा सौमित्र मात्र एकदा बाहेर जाऊन फोनवर हळूच बोलला. "ताई, ती जेवतच नाहीये. मी खिचडी करून ठेवतो, ती तशीच राहते. दूध कमी पडतंय म्हणून रडते, आणि मग रडून थकली की झोपून जाते. नर्स म्हणाली, बाळाचं वजन असंच घटत राहिलं तर परत अ‍ॅडमिट करावं लागेल."

दुसऱ्याच दिवशी नीलिमा बेस्टहून डबा घेऊन गेली. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी, सगळं आईच्या पद्धतीचं. घर तळमजल्यावर होतं म्हणून डबा खिडकीतून तरी देता आला. पण हायवेवरून शंभरेक किलोमीटर तिथे पोचेपर्यंत भाकरीचं चामडं झालं होतं. मृण्मयीने झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. "नंतर खाते हं ताई."

रात्री आईचा फोन आला. "बाळंतिणीच्या पानात गार भाकरी? नीलू, तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे."

"त्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आहे, आई."

"मायक्रोवेव्ह बाळंतपण करतो का?"

नीलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण आईचं म्हणणं खरं होतं. खीर थर्मासमध्ये नेता येते, भाकरीला थर्मास नसतो. आणि गार डबा म्हणजे नंतर खायचा डबा. घरात तान्हं बाळ असताना ते 'नंतर' कधीच उजाडत नाही. समोर गरम काही आलं तरच बाई आत्ता जेवते.

तेव्हा कुठे तिला पत्र्याचा डबा आठवला. बहिणीच्या बिल्डिंगखालीच व्हॅन लावायचा तिचा विचार होता, पण रस्त्यावर गाडीत झोपायला खेमेंटची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, परवानगी नव्हती. मग कॅम्पिंगची जागा शोधणं आलं. कोरोनामुळे सगळीकडची सामायिक संडास-बाथरूम बंद होती. ज्यांच्या गाडीत स्वतःची सोय असेल त्यांनाच आत घेत होते. व्हॅनमध्ये ती होती. नीलिमाने मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली, तोंडाने मात्र काही बोलली नाही.

पहिली जागा राजननेच फोटो पाहून निवडली. तळं, बदकं, झाडं. नावातच अ‍ॅमस्टरडॅम होतं आणि नकाशावर तिथून डीमन बोटभर लांब दिसत होतं. नीलिमानेही मान डोलावली. पोचल्यावर तिने हौसेने भाकऱ्या थापल्या, सायकल काढली आणि थोड्याच वेळात एका प्रचंड पाण्यापुढे येऊन उभी राहिली. पाण्यापलीकडे डीमन दिसत होतं, पूल मात्र पार तिकडे लांब. कामावर केसाच्या जाडीपेक्षा बारीक मापं घेणाऱ्या बाईने मधलं पाणीच मोजलं नव्हतं. वळसा घालून ती पोचली तेव्हा भाकरी गार झाली होती आणि खिडकीत तेच उत्तर मिळालं, "नंतर खाते." त्या दिवशी बाळाचं वजन पुन्हा घटलेलं भरलं होतं.

जीन्सला पदर नसतो, नाहीतर नीलिमाने तो तेव्हाच खोचला असता. तिने फोटो बघणं बंद केलं आणि एकेका कॅम्पिंगला फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न एकच, सायकलने डीमन किती लांब? लोक तिला सूर्यास्ताचं सांगायचे, मुलांच्या घसरगुंडीचं सांगायचे, एकाने तर बकऱ्यांना चारा घालायला मिळेल म्हणून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची. पाण्याच्या अलीकडे, डीमनच्या बाजूला, एका शेतकऱ्याने शेताच्या कडेला चार गाड्यांची सोय केली होती. त्याने फोनवर जागा नाही म्हणून सांगितलं. नीलिमा तरीही व्हॅन घेऊन तिथे जाऊन धडकली.

हेन्क नावाचा तो म्हातारा तिला शेत दाखवत फिरला. सगळ्या जागा खरंच भरलेल्या होत्या. फाटकाजवळ कचऱ्याच्या मोठ्या डब्यांशेजारी तेवढा एक तुकडा रिकामा होता.

"ती कुणी घेत नाही," तो म्हणाला. "वास येतो. मागे हायवे आहे, झोप लागत नाही."

नीलिमा फाटकाबाहेर बघत होती. तिथून सायकलचा रस्ता सरळ हायवेखालून डीमनमध्ये शिरत होता. "हीच द्या," ती म्हणाली.

बाईला डच नीट समजलं नसावं असं वाटून त्याने तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं. तेव्हा नीलिमाने आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये बहिणीचं आणि बाळाचं सांगितलं.

"मग हॉटेल का नाही घेत?"

"हॉटेलात भाकरी भाजू देतात का?"

भाकरी म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, पण त्याने कचऱ्याचे डबे थोडे पलीकडे ढकलले.

राजन आणि अवनी सामान पोचवायला आले. लेक गाडीतून उतरतानाच म्हणाली, "ममा, धिस इज नॉट अ कॅम्पिंग. धिस इज अ पार्किंग."

"अगं, तळ्याकाठची एवढी छान जागा सोडून तू इथे?" राजन म्हणाला.

"मी काय पिकनिकला आलेय?" असं म्हणून नीलिमाने पिठात आधणाचं पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॅनच्या छोट्याशा गॅसवर भाकरी टम्म फुगली. तिने त्यावर तूप सोडलं. यावेळी भाकरी डब्यात भरली नाही, कारण डब्यात वाफ धरते. ती पंच्यात गुंडाळली, जॅकेटच्या आत पोटाशी धरली आणि भाजीची डबी हँडलला लटकवून ती सुटली. वारा अर्थातच समोरून होता. सीटवरून उठून ती उभ्याने पेडल मारत राहिली. आज ही भाकरी गार झाली, तर उद्या आणखी जवळची जागा शोधीन, पण हिला जेवायला घालीनच, असं ती स्वतःशी दात आवळून म्हणत होती.

खिडकी वाजवली. मृण्मयी आली. चेहरा ओढलेला, केस कसेतरी बांधलेले. मागे सौमित्रच्या खांद्यावर बाळ होतं.

"ठेव ना ताई, मी नंतर..." ती हात पुढे करत म्हणाली आणि थांबली. पंच्याची ऊब तिच्या तळव्यांना लागली होती. ती तो तसाच धरून उभी राहिली. मग तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर, तिने पंचा उलगडला. वाफ वर आली. तिने तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"आई गं. चटका बसला, ताई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नीलिमा दोन पावलं मागे, मास्क लावून उभी होती. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलल्यासारखं तिला वाटलं.

"फुंकर मार आणि खा," ती म्हणाली.

मृण्मयी उभ्यानेच सगळी भाकरी जेवली. चटणीची बोटंसुद्धा चाटली. मग रिकामा पंचा घडी घालून परत देताना, लहानपणी द्यायची तशाच आवाजात तिने ऑर्डर दिली, "संध्याकाळी दोन आण."