न हलणारं पॅड

ओसाकात, ट्रामच्या रुळांना खेटून तोकुजी हिराओची बॉक्सिंगची शाळा होती. पूर्वी तिथे पदकांची स्वप्नं बघणारी पोरं घाम गाळायची. आता शनिवारी सकाळी कोणीही यावं आणि ठोसे मारावेत, असा वर्ग चाले. कोणीही म्हणजे खरोखर कोणीही: चाकांच्या खुर्चीतले म्हातारे पोस्टमन, जन्मापासून बहिरी चिनात्सु, आणि चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेलेल्या सदुसष्ट वर्षांच्या ओरिएसान.

ओरिएसानसाठी हिराओ गळ्यात घंटी बांधे, हातात चढवलेली ठोसे झेलायची चामडी पॅडं एकमेकांवर आपटे आणि ती छातीसमोर धरून उभा राही. ओरिएसान आवाजाच्या रोखाने ठोसा हाणत. फाट्! असा काही आवाज निघे की ऐकणारा खूश होऊन जाई.

"दहापैकी दहा!" हिराओ ओरडे. "आमच्या डोळसांना नाही जमत एवढं!"

"डोळस मेले आळशीच असतात," ओरिएसान म्हणत.

एका शनिवारी हातमोजे काढता काढता त्यांनी सांगून टाकलं, "सोमवारपासून मी एकटी जाणार ह्यांच्याकडे."

त्यांचे यजमान रुळांपलीकडच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळले होते. सोबतीण आठवड्यातून दोनदा यायची, म्हणून नवऱ्याची भेटही दोनदाच. मधे ट्रामचे रूळ, फाटक नाही, आणि चौकातल्या गाड्यांचा गलका.

"एकट्या?" हिराओने विचारलं.

"का? दहापैकी दहा कान आहेत माझे, तुम्हीच सांगता ना? ट्राम कुठून येतेय, किती लांब आहे, एवढं तर कळेलच. उरलेले पाच दिवस ते दाराकडे बघत पडून असतात हो."

ते दहा ओरिएसानचे नव्हतेच. पॅड धरणाऱ्यांची ही जुनी खोड असते. ठोसा येताना दिसला की पॅड अर्ध्या वाटेत जाऊन त्याला गाठतं, आवाज खणखणीत होतो, मारणाऱ्याला चेव येतो. पस्तीस वर्षं हिराओने तेच केलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. ओरिएसानचा ठोसा त्याच्या कानाजवळून चालला असला तरी त्याचा हात तिकडे धावायचा. मायेने धावायचा, पण ती माया आता बाईंच्या जिवावर उठली होती. आणि एवढा दांडगा गडी, पण खरं बोलायला जीभ रेटेना.

"सोमवारी पाऊस आहे म्हणतात," तो पुटपुटला.

"मग छत्री घेईन!"

तेवढ्यात चिनात्सु उठली. ती ओठांवरून बोलणं ओळखायची. तो फाट् आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता, तिला नुसते हात दिसायचे. तिने ओरिएसानचा तळवा उघडला आणि ती त्यावर बोटाने लिहायला लागली. दोघी नेहमी अशाच बोलत. ओरिएसान एकेक शब्द मोठ्याने वाचत गेल्या.

"पॅड... हलतं. तुमच्या... ठोशाकडे... येतं."

"काइचो," ओरिएसान म्हणाल्या. वर्गात सगळे मालकाला असंच म्हणत. "खरं आहे हे?"

"खरं आहे."

"किती वेळा?"

"दर वेळी."

"गाढवा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "परवा मी रुळांवर असते."

हिराओने गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. ओरिएसानला ते दिसलं नाही, पण गळ्यातली घंटी फरशीवर आपटलेली ऐकू आली.

"लोटांगणं नंतर घाल. ऊठ, पॅड धर. आणि हललास तर बघ!"

स्वतःचा भरवसा हिराओला वाटेना. मुठींना गुंडाळायच्या पट्टीने त्याने आपली कोपरं बरगड्यांना करकचून बांधून घेतली. चिनात्सु पहाऱ्याला बसली, पोस्टमननी पंखा बंद केला. पहिला ठोसा हवेत गेला. दुसरा खांद्यावर. चौथा थेट नाकावर.

"लागला?"

"नाकाला."

"तो धरायचा नाही."

दहापैकी शून्य. सोमवारी ओरिएसान घरीच बसल्या. पण पुढच्या शनिवारी आल्या, त्याच्या पुढच्याही. शून्य. पुन्हा शून्य. हिराओ बांधलेला उभा राही आणि मनातल्या मनात हजार वेळा पॅड पुढे नेई.

पाचव्या शनिवारी ओरिएसान कितीतरी वेळ नुसत्या मान कलती करून उभ्या राहिल्या. मग हात सुटला. थप.

गादीवर उशी पडावी तसा बद्द आवाज. चिनात्सुने दोन्ही हात वर करून हलवले, आणि ओरिएसानला कळावं म्हणून पाय आपटला. पुन्हा थप. सात ठोसे चुकले. पुन्हा थप, अगदी पॅडच्या मधोमध.

हिराओच्या अंगावर काटा आला. त्याने भलेभले ठोसेबाज पाहिले होते, पण ते सगळे बघून मारायचे. मिट्ट काळोखात एक बाई पंज्याएवढ्या चामड्याची जागा ओळखते, आणि माणूस एवढं करू शकतो हे आपल्यालाच इतकी वर्षं ठाऊक नव्हतं!

"मग... सोमवारी?" त्याने विचारलं.

"दहापैकी तीन. बाकीच्या सात वेळा ट्राम काय नमस्कार करून थांबणार आहे?" ओरिएसाननी घाम पुसला. "आणि काय हो, आवाज किती घाणेरडा!"

"घाणेरडा," हिराओ म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि बांधलेल्या हातांनी पुसताही येत नव्हते. "पण तो तुमचा आहे, ओरिएसान."

"माझा," त्या म्हणाल्या, आणि मुठी वळल्या. "चला. पुन्हा धरा."