डावं वळण

पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या मिलला फाटकावर माणूस हवा होता, पण फाटकाबरोबर त्याला कुत्राही सांभाळायचा होता. ही नोकरी मिळाली नाही तर भिकन आणि सुंदराला पोरं घेऊन खानदेशात परतावं लागणार होतं. पॉवरलूमवर भिकनची दोन बोटं गेली होती. तिथं आता त्याला कोणी उभं करत नव्हतं.

पंडित हा वॉचमनांचा मुकादम, फौजेतून आलेला. त्या जागी त्याला स्वतःचा भाचा बसवायचा होता, म्हणून तो शिकवायचा कमी आणि हिणवायचा जास्त.

"भिकन्या, कुत्रा डाव्या अंगाला. डावीकडे वळताना उजवा पाय रोव आणि डावा त्याच्या छातीपुढून टाक. तो आपोआप थबकतो, मग तुझ्याबरोबर वळतो. लाथ घालायची नाहीये."

भिकन वळला की गुडघा थेट कुत्र्याच्या बरगडीत. कुत्रा गुरगुरायचा, पंडित हसायचा.

"रविवारपर्यंत जमव. नाहीतर भुसावळची गाडी आहेच."

डबा घेऊन आलेल्या सुंदरानं हे पाहिलं आणि खोट कुठे आहे ते तिच्या ध्यानात आलं. वीस वर्षं लूमांमधल्या चिंचोळ्या गल्लीत हा माणूस टाचेवर गिरकी घेऊनच वळला होता. पाऊल टाकून वळायला तिथं जागा कुठे होती?

त्या रात्री नवागामच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत ती त्याच्या डाव्या हाताला उभी राहिली. "चला. मी कुत्रा."

"डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलं. पाय टाका."

पाच दिवसांत तिच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या.

"तूच मधे येतेस," तो खेकसला.

"कुत्राही येणार. त्याला आधी पत्र धाडणार आहात का?"

रविवारी सुंदरा फाटकापाशी येऊन उभी राहिली. पंडितनं त्याला भिंतीपर्यंत चालू दिलं आणि अगदी शेवटी म्हणाला, "डावीकडे."

भिकननं उजवा पाय रोवला. डावा कुत्र्याच्या छातीपुढून गेला. कुत्रा थबकला, मागचं अंग फिरवून पुन्हा गुडघ्याशी आला. पंडितनं आणखी चारदा वळवून पाहिलं. मग कुत्र्याला फाटकाशी बांधायची साखळी भिकनच्या पायाशी फेकली.

"उद्या सातला ये. आणि बायकोला फाटकात आणू नकोस."

भिकननं साखळी उचलून फाटकाच्या कडीला अडकवली. फाटकाबाहेर सुंदरा त्याच्या डाव्या हाताला चालू लागली; तो रस्त्याकडे डावीकडे वळला, त्याचं पाऊल तिच्यापुढून पडलं आणि सुंदरा नकळत थबकली.

"आता काय झालं?" तो तुटकपणे म्हणाला.

"काही नाही," ती त्याच्याबरोबर वळत म्हणाली. "पाय बरोबर पडला."