दारापर्यंतचा पवान

गुडघा बदलून तीन आठवडे झाले तरी सासूबाई सोफा सोडायला तयार नव्हत्या. नोव्हेना हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आता चालल्या नाहीत तर गुडघा असाच आखडून बसेल. पुण्याहून नणंद रोज फोनवर म्हणायची, "वहिनी, आईला जपा हं." अगं, जपूनच तर वाट लागलीय! म्हातारं माणूस दिसलं की त्याला उशा लावून बसवायचं, ही आपल्या लोकांची माया. मला त्या मायेची चीड येते.

घरात दुसरं नाजूक प्रकरण म्हणजे माझ्या नवऱ्याचं, प्रबोधचं ल्यूट. फुगीर पाठीचं, ढीगभर तारांचं, गिटारसारखं जुनं युरोपी वाद्य. इथे, आम्ही राहतो त्या पुंगोलच्या दमट हवेत तारा सारख्या उतरतात, म्हणून तो वाजवतो कमी आणि खुंट्या पिळतो जास्त. एक तार जरा हलली की थांबलाच. पाहुणे जेवून घरी गेलेत, याचं सुरू व्हायचंय!

त्या रविवारी कधी नव्हे ते सगळं सुरात लागलं आणि तो वाजवायला बसला.

"हे कसलं रे रडगाणं?" सोफ्यावरून सासूबाई.

"आई, नाच आहे हा. पवान म्हणतात. पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या दरबारात यावर नाचायचे."

"या गतीत? झोप लागत असेल त्यांना."

"नुसतं चालायचंच असतं त्यात. एक पाऊल, थांबायचं. दुसरं पाऊल, थांबायचं. मग जरा पुढे."

मी वॉकर त्यांच्यासमोर आणून आदळला. "म्हणजे तुमच्यासाठीच केलाय. उठा."

"उल्का, माझी थट्टा करतेस?"

"करते. उठा."

उठल्या. रागाने उठल्या, पण उठल्या. मला राग चालतो.

"प्रबोध, हळू. माझा पाय अजून हवेत आहे."

"आई, तालात ये ना जरा."

"तूच ये माझ्या तालात. गुडघा माझा आहे."

मी हात न लावता त्यांच्या मागे मागे. टीव्हीच्या पुढे गेल्या, जेवणाच्या टेबलापाशी आल्या. आणि तिथेच तार उतरली. प्रबोध सवयीने थांबला, हात खुंटीकडे गेला.

सासूबाईही थांबल्या. सोफा मागे राहिलेला, दार अजून लांब. वॉकर धरलेली बोटं पांढरी पडली, पाय थरथरायला लागला.

"वाजव."

"एक मिनिट, आई, तार..."

"मी पडेन रे! वाजव!"

त्याने खुंटी सोडली. वाजवायला लागला. ती एक तार दर वेळी आंबट लागत होती, आणि नवऱ्याचं तोंड दाढ उपटताना व्हावं तसं झालं होतं. पण थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांकडे न बघता वाजवत होता. आईच्या पावलांवर डोळे. पाऊल टेकलं की सूर, उचललं की वाट बघायची.

दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर सासूबाईंनी हात टेकला. धापा टाकत वळल्या.

"बेसूर वाजवलंस."

"हो ना."

"उल्का, दार उघड. लिफ्टपर्यंत जाऊन येते."

प्रबोधचा हात परत खुंटीकडे निघाला होता. सासूबाईंनी पाऊल उचललेलं त्याने पाहिलं आणि हात तारांवर आणला.

मी दार उघडलं.