खुराड्यावरचा पत्रा

"थांबली! थांबली!" असा एकच ओरडा झाला आणि हलगीवाल्याचा हात वरच्या वर राहिला. पुणतांब्याजवळच्या त्या वस्तीवर मे महिन्याच्या भर उन्हात दोनशे माणसं टाचा उंचावून एका मोटारीकडे बघत होती. चौऱ्याहत्तर सालची पांढरी पेट्रोल गाडी, गोल दिव्यांची. ज्या घराची ती गाडी, त्या घराण्यातल्या सगळ्या सुना हिच्यातूनच सासरी आल्या. घरचा थोरला मुलगा आदिनाथ चावी फिरवत होता. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन काही पकडत नव्हतं.

"बगा!" बाधा उतरवायला बोलावलेले सूर्यभान महाराज गरजले. "ब्याटरी नवी, टाकी भरलेली, तरी गाडी बंद! का? मागं बसलीया ना, तिच्या पाठीवर सात हडळी बसल्यात. सात! म्या मोजल्यात!"

मागच्या सीटवर जागा तिघांची. पण महाराजांना हे विचारायचं कुणी?

मागं बसली होती सृष्टी, आदिनाथची बायको. लग्नाला दीड महिना झालेला. वरातीत ती बसलेली असताना गाडी बंद पडली. ती उतरली आणि अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली. पुढं आठवडी बाजारातून येताना पुन्हा तेच. झालं, पोरीचा पायगुण वाईट ठरला. महाराजांनी तीन गुरुवारची परीक्षा लावली. भर दुपारी गाडी माणसाच्या चालीनं वस्तीभोवती फिरवायची, सून मागं बसवायची. दोन गुरुवारी गाडी बंद पडली होती. आज तिसऱ्यांदा पडली, म्हणजे पोरगी कायमची माहेरी. तिला न्यायला तिचा बाप सहादेव टेम्पो घेऊन आला होता. जुना शेजारी म्हणून त्यानं मलाही बेलापुराहून सोबत आणलं. मी शलमोन, एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेला माणूस.

"उतर!" महाराज म्हणाले. "चपला काढ. एकवीस फेऱ्या घाल गाडीला. बाधा उतरंल, गाडी चालू व्हईल, मग बापासंगं जा!"

जमीन इतकी तापलेली की कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. सृष्टी अनवाणी फिरू लागली. मी पुढं सरकलो तर सहादेवानं माझा दंड धरला.

"शलमोनभाऊ, मधी पडू नका. पोरीलाच लई तरास देतील."

आणि मी थांबलो. चांगल्या सहा फेऱ्या मी नुसता बघत उभा राहिलो. हे मी लपवणार नाही, मला त्याची लाज वाटते.

सातव्या फेरीला ती माझ्यासमोर अडखळली. तळवा धरून खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, म्हाराज वलं उपरनं दर येळी इंजिनात एकाच जागी ठेवत्यात. आन् गोठ्यापाशी खुराड्यावरचा पत्रा बगा. त्याला बोल्टाची भोकं हायत. एक बाजू जळून काळी झालीया."

मी जाऊन पत्रा उचलला आणि माझं डोकंच फिरलं. पत्रा घेऊन तसाच परत आलो.

"बस झालं, पोरी. गाडीत जाऊन बस."

"ए, तू कोन रं?" महाराज अंगावर आले. "ही बाधा हाय! तुज्या धर्मातलं काम न्हाई!"

"आमच्या ख्रिस्ती धर्मातही तेल लावून कॅन्सर बरा करणारे आहेत. माझं त्यांच्याशीही भांडण आहे. सरका."

प्लगची वायर काढून आदिनाथला चावी मारायला लावली. ठिणगी लख्ख पडली. वायर परत बसवली, कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडली, पुन्हा चावी. टाकी भरलेली, आणि नळीतून नुसते बुडबुडे! पेट्रोलच्या पंपाला बोट लावलं तर चटका बसला. नळी पुन्हा जोडली. तेवढ्यात महाराज ओलं उपरणं घेऊन वाकलेच.

"महाराज, उपरणं सीटवर ठेवा. सात जणी तिथंच होत्या ना?"

"ती जागा मंतरलेली न्हाई."

"मग टपावर ठेवा. डिकीत ठेवा. दर वेळी पंपावरच का? आधी कुठल्या स्टँडला गाडी चालवायचात?"

गर्दीतून एक म्हातारा बोलला, "कोपरगावला! काळीपिवळी टॅक्सी हुती याची!"

मी पोतं भिजवून पंपावर आणि नळीवर टाकलं. मंत्र नाही, लिंबू नाही. सृष्टी मागं बसलेलीच. दहा मिनिटांनी म्हणालो, "मार चावी." दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं.

मग सगळ्यांना सांगितलं. पेट्रोल फार तापलं की नळीतच त्याची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. इंजिन फिरतं, पेट्रोल पोचत नाही. हळू चालवली की गाडी जास्त तापते. एकवीस फेऱ्या होईपर्यंत ती निवते, ओल्या फडक्यानं आणखी लवकर निवते. याला चमत्कार म्हणत होतात तुम्ही.

"मंग आदी कशी बंद पडत नव्हती?" एकानं विचारलं. प्रश्न चांगला होता, फक्त दीड महिना उशिरा आला. लग्नासाठी गाडी रंगवली तेव्हा सायलेन्सरची गरम नळी आणि पंप यांच्यामधला पत्रा काढला होता. तो परत बसवायचा राहिला. सृष्टीच्या सासूबाईंनी, केशरबाईंनी, तो कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

मी पत्रा बसवला. सृष्टीला घेऊन गाडी चालीच्या वेगानं वस्तीभोवती दोनदा फिरवली. बंद पडली नाही. परत येऊन बघतो तर महाराज कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पसार झालेले.

आणि केशरबाईंनी माझे पाय धरले! "देवमानूस! तुमच्या हाताला गुन हाय. आमच्या ट्रॅक्टरावरून बी हात फिरवा की!"

"पाय सोडा!" मी ओरडलोच. "माझ्या हाताला ग्रीस आहे, गुण नाही! पाय धरायचेत तर तिचे धरा!"

तेव्हा कुठं सगळ्यांनी तिच्या पायांकडे बघितलं. तळव्यांची साल सुटली होती, रक्ताला माती चिकटली होती.

"वरातीतच मी म्हनलं हुतं," सृष्टी म्हणाली, "गाडी तापलीया, जरा थांबा. बापाच्या टेम्पोत ल्हानाची मोठी झालीया मी. कुनी ऐकलं न्हाई."

आदिनाथनं गाडीचं दार उघडलं. "बस, दवाखान्यात जाऊ."

ती बसली नाही. बापाच्या टेम्पोत चढली. चपला हातातच होत्या, पायात घालता येत नव्हत्या.

ती परत नांदायला गेली का, असं लोक मला अजून विचारतात. नाही गेली. मी उलट विचारतो, उपरणं पंपावरच का, हे तुमच्यातल्या एकानं तरी विचारलं होतं का? बंद पडलेल्या वस्तूला हात लावून बघा, बाबांनो. माणसाकडे बोट दाखवायच्या आधी त्याला बोलू द्या. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि आम्ही तिला उन्हात अनवाणी फिरवत होतो.