ग्लेनिसच्या हाताला जमेल असं

"कोणी दिली?" डेस्मंडने विचारलं.

"काय कोणी दिली?" ग्लेनिस खिडकीबाहेर बघतच म्हणाली.

"सिगारेट. केसांना वास येतोय तुझ्या. म्हातारा झालोय, नाक शाबूत आहे माझं."

"बेरिलने. तिला बोलायला जाऊ नकोस. मीच मागितली."

तो तिच्या स्वेटरची वरची दोन बटणं लावायला वाकला होता. ती लावून झाल्यावरही तो तसाच वाकून राहिला. अंगात अजून पिवळा कोट होता. सकाळचा पाऊण तास आणि दुपारचा पाऊण तास तो शाळेपुढे हातात पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. तेवढाच काय तो तिच्यापासून लांब असायचा, आणि तेवढ्यात हे.

"सोडून दोन वर्षं झाली होती, ग्लेनिस."

"माहितीये."

"दवाखान्यातली नर्स काय म्हणाली होती? सिगारेटवर अजून एक हिवाळा काढलास तर नाकात ऑक्सिजनची नळी, कायमची."

"मी तिथेच बसले होते ना. ऐकलंय मी." तिने दोन्ही हात वर केले. बोटं एकाच बाजूला कलली होती आणि सांधे फुगून लाल झाले होते. "सिगारेटला बोटं लागत नाहीत, डेस. ओठ पुरतात."

डेस्मंडने तिची व्हेप उचलून बघितली.

सिगारेटऐवजी वाफ ओढायची ही व्हेप त्यानेच बनवली होती, तिच्या आईच्या जुन्या कपाटाच्या लाकडातून. तळहातात मावेल एवढी डबी, आत एक बॅटरी आणि शेजारी निकोटिनच्या द्रवाची मऊ प्लास्टिकची बाटली. डबीच्या कडेला एक भोक ठेवलेलं. भोकातून बोटाने बाटली दाबली की द्रव नळीतून वर चढायचा आणि तारेतला कापूस भिजायचा. बोट काढलं की जास्तीचा खाली परत. मग बटण दाबून तार तापवायची आणि वाफेचा झुरका घ्यायचा. बटण त्याने गेल्या वर्षीच मोठं करून दिलं होतं, ते ती अंगठ्याच्या कडेने कसंबसं दाबायची. बाटली मात्र आता दबत नव्हती. दर चार-पाच झुरक्यांनी ती हाक मारायची, तो हातातलं काम टाकून यायचा आणि दाबून द्यायचा.

"मी आहे की दाबायला," तो म्हणाला.

"आहेस ना. दिवसातून चाळीस वेळा आहेस. तान्ह्या पोराला बाटली पाजावी तशी पाजतोस मला. कंटाळले मी. तू नाही कंटाळलास?"

कंटाळला तर तोही होता. पण हे बायकोला तोंडावर कसं सांगणार? त्याने कोट खुंटीला लावला आणि मागच्या शेडमध्ये गेला.

नेल्सन गावातल्या शेवटच्या कापडगिरणीत दोघांनी तीस वर्षं काढली होती. तो माग दुरुस्त करायचा, ती माग चालवायची. तुटलेल्या धाग्याला ती एका हाताने गाठ मारायची, आणि ती बघायला तो चालू मागही बिघडलाय म्हणून सांगायचा. ते हात आता चहाचा कपही दोन्ही तळव्यांत धरून उचलायचे. तिने गिरणीच्या आवारात चौदाव्या वर्षी पहिली सिगारेट ओढली होती. तेव्हा कोणी अडवलं नाही, आता सगळेच अडवत होते.

दोन दिवस खपून त्याने डबीला पितळेची एक दांडी बसवली. दांडी बाहेरून तळव्याने दाबायची, तिचं आतलं टोक बाटली दाबणार. स्प्रिंग घातली, दहा वेळा स्वतः दाबून बघितली आणि खुशीत घरात आला.

ग्लेनिसने तळवा टेकवला. दांडी हलली नाही. तिने दात आवळले, खांदा लावला, सगळा भार टाकला. दांडी एकदम खाली गेली ती तिथेच अडकली. द्रव वरच्या, हवा आत घ्यायच्या बारीक भोकातून उसळून तिच्या स्वेटरवर सांडला, हनुवटीवरही उडाला.

"छान," ती म्हणाली. "आता बेरिललाच बोलाव. निदान तिची सिगारेट गळत नाही."

तो ओल्या फडक्याने तिची हनुवटी पुसत होता. पुसता पुसता त्याच्या लक्षात आलं की स्प्रिंग त्याने स्वतःच्या हाताच्या जोरावर बेतली होती. गिरणीत नव्या पोराने मागाचा ताण असा आपल्या हाताने जोखला असता, तर यानेच त्याला शिव्या घातल्या असत्या. माग जो चालवणार, ताणही त्याच्याच हाताने जोखायचा, हे तो तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने आइस्क्रीमच्या काड्या स्वतःच्या बोटांना लावून वरून चिकटपट्टी गुंडाळली, दोन्ही हातांना. आता त्याचीही बोटं मिटेनात. त्याच हातांनी त्याने किटली उचलली आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला. शाळेपुढची पाटी त्याने काखेत धरली. शेजारच्या दारात उभी असलेली बेरिल बघतच राहिली.

"काय रे बाबा, कुणाशी मारामारी केलीस?"

"सिगारेटी वाटणाऱ्या बाईशी करायचीये," तो म्हणाला.

बेरिलचं तोंड उतरलं. "रडत होती रे ती. मला नाही बघवलं." तेव्हा त्याने तिच्यावरचा राग सोडून दिला. त्याच्या मागे ती रडत होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

चार दिवस तो त्या पट्ट्या बांधून शेडमध्ये बसला. बटण सोडलं तर ज्याला बोटं लागत ते सगळं त्याने काढून टाकलं. पातळ रबराची बाटली घातली, स्प्रिंग बॉलपेनातली घेतली, दांडी लांब आणि रुंद केली. ती आता मनगटाच्या नुसत्या वजनाने खाली जाई, आणि हात उचलला की आपसूक वर येई, म्हणजे जास्तीचा द्रवही परत खाली. अडसर म्हणून एक खिळा ठोकला, ज्याच्यापुढे कितीही जोर लावला तरी दांडी जाणार नाही.

शुक्रवारी दुपारी, शाळा सुटायच्या आधी, त्याने डबी तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. ग्लेनिसने मनगट टेकवलं. दांडी गेली, आली. तिने बटण दाबलं, झुरका घेतला आणि वाफ सोडली. मग पुन्हा मनगट टेकवलं. पुन्हा. सहाव्या झुरक्याला तिने डोळे मिटून घेतले.

"तुझ्या हातांना काय झालंय?" तिने विचारलं. पट्ट्यांनी कातडी सोलवटली होती.

"काही नाही. पट्टी लावली होती."

तिने ते हात नीट बघितले.

"मनगटही जाईल एक दिवस, डेस. डॉक्टर म्हणालाय तसं."

"मग कोपराने दाबता येईल अशी करीन."

"आणि कोपर गेलं की?"

त्याने खिशातून टेप काढली, खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसला आणि तिच्या कोपरापासून खांद्यापर्यंतचं माप घ्यायला लागला. टेप सरळ बसावी म्हणून ग्लेनिसने हात जरा लांब केला, आणि त्याचं माप होईपर्यंत तो तसाच न हलवता धरून ठेवला.