हिरव्या बाटल्यांचा चमत्कार

बुवांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. फळीवर काचेच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीत कुणा ना कुणा भक्ताची हिरवीगार लघवी होती. "बघा, आतलं विष कसं बाहेर पडतंय!" बुवा गरजले. "डॉक्टर कापतात, आम्ही उतरवतो!" लोक चक्क बाटल्यांना हात जोडत होते. डोकं असतं ते फक्त टोपी घालून घ्यायला, दुसरं काय!

त्या गर्दीत एक रंगारी होता, शेजारी त्याची बायको. आयुष्यभर कापडं रंगवलेल्या या माणसाला मध्यंतरी लघवीतून रक्त गेलं होतं. दुखलंखुपलं काहीच नाही, म्हणून त्याने डॉक्टर टाळला आणि बुवांच्या गोळ्या सुरू केल्या. लाल गेलं, हिरवं आलं, रंगारी खूश! बायकोच्या जिवाला मात्र घोर लागला होता, कारण नवऱ्याची विजार दिवसेंदिवस सैल होत चालली होती.

शेवटी एक गोळी रुमालात बांधून ती गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आली ती थेट नवऱ्यासमोर बसली आणि दुसरी गोळी तिने पाण्याच्या पेल्यात टाकली. पाणी निळंशार झालं.

"अहो, हे काय आहे सांगा."

रंगाऱ्याने पांढरा दोरा बुडवला, पिळला, बोटांनी चोळून पाहिला. "रंग आहे. निळा."

"आणि पिवळ्यात निळा पडला की?"

उभा जन्म त्याने हेच तर केलं होतं! "हिरवा," तो कसाबसा म्हणाला. "पण मग रक्त थांबलं ते?"

"बाई म्हणाल्या, ते आपोआप थांबतं आणि पुन्हा येतं. थोडं आलं तर या रंगात दिसतसुद्धा नाही. उठा आता."

तपासणीत लघवीत रक्ताच्या पेशी सापडल्या. दुर्बीण आत घालून पाहिलं, तर मूत्राशयात गाठ होती. तिचा तुकडा तपासला, तो कर्करोगच निघाला.

"रंगकामातल्या काही रसायनांनी हा धोका वाढतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाल दिसलं तेव्हाच आला असतात, तर कदाचित गाठ खरवडून भागलं असतं. आता ती स्नायूत शिरलीय. मूत्राशयच काढावं लागेल."

"वाचतील ना हो?"

"आपण प्रयत्न करू."

बायको तिथून तडक बुवांच्या अंगणात गेली आणि रांगेला सगळं सांगू लागली. बाटली घेऊन उभे असलेले एक काका म्हणाले, "पण माझं रक्त तर थांबलंय की!"

"यांचंही थांबलं होतं, काका!" तिला रडू आवरेना. "एकदाच दिसलं, दुखलं नाही, थांबलं, तरी तपासून घ्या. आजच जा."

काकांनी बुवांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग बाटली खाली ठेवून ते रांगेबाहेर आले. त्यांची जागा मागच्याने लगेच घेतली.