पाण्याकडचे दात

स्क्रीनवर दात उमटले. मुरलीधर खुर्चीतून अर्धवट उठला, बसला, त्याने पुन्हा तीच रेषा ओढली. पुन्हा रेषेच्या वरच्या अंगाला बारीक दातांची ओळ उभी राहिली.

सकाळपासून तो नोटपॅडमध्ये या नव्या रेषेचे आकडे लिहून बघत होता. एवढी लांब रेघ, एवढी मोकळी जागा, मग एक उभी दांडी. नकाशाच्या सॉफ्टवेअरने चार वेळा फाइल घ्यायला नकार दिला. पाचव्यांदा कळलं, शेवटच्या ओळीनंतर एंटर मारायचं राहिलं होतं. सत्तावन्न वर्षांच्या ड्राफ्ट्समनची अर्धी सकाळ एका एंटरने खाल्ली, आणि त्याला त्याचंही हसू येत होतं.

"प्रणोती, इकडं ये. बंधिया बनली."

शेजारच्या टेबलावरची प्रणोती आली. डिप्लोमावाली पोरगी, घरची मराठी समजायची सगळी, बोलताना हिंदीत घसरायची. "मस्त है काका. पण दात काहून?"

"दात जिकडं, तिकडं पाणी. आंधळ्यालाही कळलं पाहिजे."

मझौलीकडे शेताला बांध घालून पावसाळाभर पाणी अडवतात, दसऱ्याच्या सुमारास बांध फोडून ते सोडतात आणि त्या ओलीवर गहू, वाटाणा पेरतात. तीच बंधिया. नवा रस्ता तिथूनच जाणार होता. सॉफ्टवेअरमध्ये कुंपणाची रेषा होती, रुळांची होती, गॅसच्या पाइपाचीसुद्धा होती. बांधाची नव्हती. बनवणाऱ्यांनी बंधिया पाहिली नसेल, समजण्यासारखं आहे. पण जबलपुरातच एसीत बसून रस्ते आखणाऱ्यांनी तरी कुठं पाहिली होती? साधी रेषा दिसली की ते शेताची हद्द समजतात आणि भराव टाकून मोकळे होतात.

दोन वर्षांपूर्वी सिहोऱ्याकडे असंच झालं. भरावाखालून पाणी जायला पुलिया ठेवलीच नाही. दिवाळी उलटली तरी पाणी शेतात, वाटाणा पेरायचा राहिला. तो नकाशा मुरलीधरने काढला होता. साधी रेषा ओढायचा हुकूम वरचा, हात याचा. हुकूम देणारे विसरले. हात विसरला नाही.

आजचा नकाशा संध्याकाळी पाचला रस्ता आखणाऱ्यांकडे जायचा होता. विजय नगरातल्या या ऑफिसचे मालक अंबरीश यांनी बजावलं होतं, जमलं तर दात, नाहीतर साधी रेषा, मला उशीर चालणार नाही. म्हणून दोघांनी नकाशा वाटून घेतला, पूर्वेकडचा त्याचा, पश्चिमेकडचा तिचा. शेतांचा उतार सगळा दक्षिणेला, म्हणजे कागदावर खाली. खालचा बांध ओढत जायचा, दात आपोआप वर, पाण्याकडे येतील. दोघं सुसाट सुटले. मुरलीधर तर चक्क शीळ घालत होता.

साडेचारला अंबरीश मागे येऊन उभे राहिले. त्यांनी प्रणोतीच्या स्क्रीनवर बोट टेकवलं आणि हसले.

"मुरलीधरजी, इथं तर पानी रोडवर उभं आहे. शेत सूखा."

खरंच. पश्चिमेच्या साठ-सत्तर बांधांचे सगळे दात खाली, रस्त्याकडे.

"चलो, साधी रेषा करून टाका," अंबरीश म्हणाले आणि केबिनकडे वळले.

मुरलीधर प्रणोतीच्या टेबलाशी गेला. फाइल एकच, आकडे तेच, मग तिचेच दात उलटे कसे? "एक बांध ओढून दाखव," तो म्हणाला. तिने ओढला. त्याने स्क्रीन पाहिलीच नाही, तिचा हात पाहिला. हात डावीकडून उजवीकडे गेला.

मुरलीधर डावखुरा. आयटीआयमध्ये शाईच्या पेनाने काढलेली ओली रेष हाताखाली फासायची, म्हणून मास्तरांचा मार खाऊन तो उजवीकडून डावीकडे ओढायला शिकला. माउसही डाव्या हातात आला, पण सवय तीच राहिली. रेषा ज्या दिशेने ओढावी त्यावर दातांची बाजू ठरते, आणि सकाळी त्याने दात बसवले होते ते आपल्या हाताने ओढून बघत.

"अरे, मी उलटा आहे," तो म्हणाला आणि एवढ्या मोठ्याने हसला की अंबरीश दारातच थांबले. "सर, दहा मिनिटं द्या. रेषा उलटवायचा हुकूम असतो यात. साधी रेषा मी काढून राहिलो नाही. दुसऱ्याकडून काढून घ्या."

ऑफिसात असं कुणी बोलत नसे. अंबरीशनी घड्याळ पाहिलं. "दहा."

सात लागली. प्रणोतीने तिचे बांध निवडले, हुकूम दिला आणि साठ-सत्तर शेतांत एकदम पाणी चढलं. नकाशा पाचला पाच कमी असताना गेला. महिन्याभराने तो परत आला, त्यावर सहा पुलिया आखलेल्या होत्या. मुरलीधरने त्या बोटाने दोनदा मोजल्या.

मार्चअखेर तो निवृत्त झाला. हार, शाल, समोसे. जाताना म्हणाला, फाइलमधलं एक वजाचं चिन्ह काढ, दात सगळ्यांच्या हाताला सरळ येतील. प्रणोती हो म्हणाली.

पावसाळ्यात नवा इंजिनियर गौतम तिच्यामागे उभा राहून बघत होता. बाकी सगळ्या रेषा ती डावीकडून ओढायची. बांध आला की माउस पार उजव्या टोकाला न्यायची आणि तिथून सुरू करायची.

"दीदी, उलटा क्यों?"

"ही अशीच ओढतात," ती म्हणाली.